पहिला कार्बाइन क्लास मी ९ एमएमवर केला

मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं, त्यांच्या नवऱ्यांनीपण विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. प्रश्न सगळ्यांचा साधारण एकच असतो, की कार्बाइनचा, म्हणजे आखूड, हलक्या रायफलचा, क्लास लावायचा तर एआर-१५ च (इथली सगळ्यात नेहमीची रायफल) पाहिजे का, का ती ९ एमएमची कार्बाइन चालते, म्हणजे जिच्यात पिस्तुलाचीच गोळी जाते पण खांद्याला लावून मारायची असते ती. चालते. आणि ज्याने कधी रायफल खांद्याला लावून उभ्याने, चालत, गुडघ्यावर बसून फायर केलेलं नाही त्याने पहिल्या क्लासला मुद्दाम तीच न्यावी असं माझं ठाम मत झालंय. दिवसभराच्या क्लासमध्ये माणसाचं लक्ष काही अमर्याद नसतं, ते आवाज आणि धक्का सोसण्यात संपलं की शिकायला काही उरत नाही, हे मी त्या लाइनवर उभं राहून बघितलंय.

आधी माझं थोडं सांगते. माहेर सांगली, आता डॅलसच्या उत्तरेला राहतो आम्ही. कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा पॉइंट टू-टू रायफल मारलेली, जमिनीवर पालथं पडून, कोपरं मातीत रुतवून, मागून उस्ताद हिंदीत ओरडतायत की साँस रोको, आणि समोर पंचवीस मीटरवर तो कागद. तेवढ्यावर मग कितीतरी वर्षं गेली. इथे आल्यावर बराच काळ एच-१बी, तेव्हा बंदुकीचा विषयच नव्हता, आणि हे मी जरा जोर देऊन लिहिते कारण आपल्याकडच्या मुलांना हे माहीतच नसतं. फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असणं वगैरे थोडे अपवाद आहेत, पण सरसकट मोकळीक नाही, आणि बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं असं समजू नका, रेंजवर भाड्याची हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. वीकेंडला मित्राबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकणारी किती मुलं मी बघते, ग्रीन कार्डच्या रांगेत उभी असलेली, आणि पोटात गोळा येतो अक्षरशः. आधी वकिलाला विचारा रे बाबांनो, मग जा.

आमचं ग्रीन कार्ड आल्यावर मी रीतसर दुकानात जाऊन बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरला. त्यात तुमची सगळी माहिती, तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, कुठला गुन्हा दाखल आहे का, गांजा वगैरे घेता का (राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्याला चालत नाही), व्हिसाचा प्रश्नही त्यातच, आणि मग दुकानदार एफबीआयच्या सिस्टिमवर चेक करतो, जी १९९८ पासून चालू आहे. माझं लगेच झालं, काहींना थांबावं लागतं. पहिलं घेतलं ते ग्लॉक १९ पिस्तूल, ९ एमएमचंच. सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं बाई, कशाला हवंय हे तुला, आणि भाऊ म्हणाला ताई, ९ एमएम तर इथे लायसन्सवरपण मिळत नाही. बरोबर आहे त्याचं, भारतात ९ एमएम हे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप, साध्या नागरिकाला लायसन्स मिळालंच तर .३२ वगैरे घ्यायचं.

तर पिस्तुलाचे बेसिक क्लास झाले, हात बसला, आणि मग कार्बाइनचा क्लास लावायचा ठरलं. नवऱ्याचं म्हणणं एआर घे, सगळे तेच आणतात. मी रेंजवर एक भाड्याने घेऊन बघितली होती, तिचा धक्का खरं म्हणजे फार नसतो, एआरमध्ये जाणारी ५.५६ एमएमची गोळी हलकी असते, पण आवाज आणि तोंडावर येणारी ती हवेची थाप, विशेषतः छताखाली, ती मला सहन होईना. सोळा इंची नळीतून ती गोळी सेकंदाला साधारण ३००० फुटांच्या वेगाने निघते, तेवढी दारू जाळायला लागते आणि त्यातली बरीचशी नळीच्या बाहेर येऊन जळते. ९ एमएमचं उलटं आहे. दारू थोडी, ती सोळा इंचात केव्हाच जळून संपते, त्यामुळे पिस्तुलातून जो कडकडाट आणि जाळ होतो त्यापेक्षाही कार्बाइनमधून कमी होतो. ११५ ग्रेन वजनाची साधी गोळी पिस्तुलातून ११५० फुटांच्या आसपास जात असेल तर कार्बाइनमधून १२५०-१३०० च्या घरात जाते, म्हणजे वेग वाढतो आणि दणका कमी होतो, दोन्ही आपल्या फायद्याचं. (आवाज कमी म्हणजे कानाला काही न लावता चालेल इतका कमी नाही हं, कुठलीही सेंटरफायर बंदूक (जिच्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आपटते) १४० डेसिबलच्या वर जाते, कान कायमचे जातात. मी आत फोमचे प्लग आणि वरून इलेक्ट्रॉनिक मफ असं दोन्ही लावते.)

क्लासच्या इन्स्ट्रक्टरना मी पैसे भरायच्या आधी ईमेल केला की मी ९ एमएम कार्बाइन आणली तर चालेल का. हे प्रत्येकाने करावं, कारण काही क्लास घेत नाहीत. त्यांचं उत्तर आलं, चालेल, पण स्लिंग (बंदूक अंगावर अडकवायचा पट्टा) पाहिजे, बंदूक झिरो केलेली, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम तिथेच गोळी अशी जुळवलेली पाहिजे, मॅगझिन (गोळ्या भरायच्या पेट्या) कमीत कमी चार, आणि तुमच्या बंदुकीत जे वेगळं आहे ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे, मी सगळं एआरवर शिकवतो. ही शेवटची अट मला फार आवडली, त्यामुळे मी आधी घरीच नीट अभ्यास केला.

मी घेतली रुगर कंपनीची पीसी कार्बाइन, ९ एमएमची. ही मॉडेल २०१७ च्या शेवटी बाजारात आली, नळी १६.१२ इंच. हा १६ चा आकडा उगीच नाही, १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे रायफलची नळी १६ इंचापेक्षा आखूड असली की ती वेगळ्या वर्गात जाते, रजिस्ट्रेशन आणि परवानगी वेगळी. म्हणून नवीन माणसाने आखूड नळीच्या, ब्रेस (हाताला टेकवायचा मागचा आधार) लावलेल्या प्रकारांच्या वाटेला पहिल्यांदा जाऊच नये, त्यांच्या नियमांवरून २०२३-२४ मध्ये कोर्टात बराच वाद झाला. सरळ सोळा इंची घ्यावी आणि शांत झोपावं. रुगरचं मला पटलं ते असं की मॅगझिनची विहीर, म्हणजे मॅगझिन जिच्यात बसतं ती खोबण, बदलता येते, ग्लॉकची विहीर बसवली की माझ्या पिस्तुलाचीच मॅगझिन हिच्यात चालतात. चार्जिंग हँडल (गोळी चढवायला मागे ओढायची मूठ) डावीकडे घेता येतं, मग उजवा हात पकडीवरून हलवावा लागत नाही. बटच्या (खांद्याला टेकतो तो भाग) मागचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, काढून लांबी कमी करता येते, आणि माझी उंची पाच फूट एक, त्यामुळे हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं. बट लांब असला की माणूस मागे रेलतो आणि मागे रेललेल्या माणसाला छोटा धक्कासुद्धा ढकलून देतो.

वजन मात्र सात पौंडांच्या जवळ जातं आणि लोक विचारतात, पिस्तुलाच्या गोळीला एवढी जड बंदूक कशाला. त्याचं कारण आत आहे. ही ब्लोबॅक पद्धतीची आहे. एआरमध्ये बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी तुकडा, फिरून कुलूप लागतं आणि गोळी नळीतून पुढे गेल्यावर गॅसने ते उघडतं. ब्लोबॅकला कुलूपच नाही, दाराला कडी नसताना आतून जड दगड टेकवून ठेवावा तसं बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच ते बंद राहतं, म्हणून बोल्ट जड करावा लागतो. रुगरने त्यात टंगस्टनचं सरकणारं वजन घातलंय त्यामुळे मागे आदळताना जरा मऊ लागतं. पण तो जड बोल्ट मागे-पुढे जाताना जाणवतोच, आणि ज्यांना वाटतं की ९ एमएम कार्बाइनला धक्काच नसणार त्यांनी एकदा मारून बघावी, एआरच्या तुलनेत धक्का थोडा टोचरा असतो. हे नको असेल तर एमपी५ सारखी रोलरवाली किंवा सिगची एमपीएक्स, जी गॅसवर चालते, अशा मिळतात, पण किंमत दुपटीच्या वर जाते आणि पहिल्या क्लासला त्याची गरज मला वाटत नाही.

इथे काकांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मैत्रिणीचे वडील, पुण्याचे, आर्मीतून रिटायर, तेव्हा लेकीकडे आलेले. फोटो बघून म्हणाले, अगं ही आमची कार्बाइनच की, आणि मग ९ एमएमची १ए१, म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगची आपल्याकडे बनलेली आवृत्ती, तिचं मॅगझिन डावीकडून आडवं कसं लागायचं, गस्तीला ती कशी धरायची, हे सगळं हात करून दाखवलं. फार मनापासून बोलत होते. मला म्हणाले, पोरी, एक लक्षात ठेव, नळी कुठे बघतेय हे तुला डोळे मिटूनसुद्धा सांगता आलं पाहिजे. ते व्हिजिटर व्हिसावर होते म्हणून त्यांना मी बंदूक हातात दिली नाही, कायदा त्यांनाही तोच, आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं, शिस्तीचा माणूस.

झिरोचं एक सांगते, कारण क्लासमध्ये यावर अर्धी सकाळ जाते. रुगरवर रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारं साधन) लावला तर तो नळीच्या मध्यापासून दीड इंचाच्या आसपास वर येतो, एआरच्या पद्धतीच्या बंदुकीवर अडीच इंचाच्या पुढे. मी ५० यार्डाला झिरो केली. गंमत अशी की तेवढ्या कमी उंचीमुळे २५ यार्डालाही गोळी जवळजवळ डॉटवरच बसते, १०० यार्डाला मात्र पाचेक इंच खाली. म्हणजे २५ पासून ५० पर्यंत डोक्याला काही हिशेबच नाही. जवळ आलं की हिशेब येतो. सात यार्डाला माझी गोळी डॉटच्या एक इंच खाली लागते, शेजाऱ्याच्या एआरची दोन इंच. छातीवर मारताना याने काही फरक पडत नाही, पण इन्स्ट्रक्टर कागदावर पत्त्याएवढा चौकोन काढून त्यात मारायला सांगतात तेव्हा डॉट वरच्या कडेला धरावा लागतो. आणखी एक, ही बंदूक दोन तुकड्यांत सुटते, नळी वेगळी होते आणि डॉट मागच्या भागावर राहतो, म्हणून जोडल्यावर झिरो परत तपासायची, मी तर क्लासच्या दोन्ही दिवसांत ती सोडवलीच नाही.

सकाळी सगळ्यात आधी सेफ्टी. जेफ कूपर यांनी घालून दिलेले चार नियम, प्रत्येकाला मोठ्याने म्हणायला लावले: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्यावर नळी कधी जाऊ द्यायची नाही, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर नाही, आणि टार्गेट कोणतं व त्याच्या मागे काय आहे हे पक्कं माहीत पाहिजे. कूपर यांनी १९७६ मध्ये अ‍ॅरिझोनात गनसाइट ही शाळा काढली आणि आज अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक क्लासची सुरुवात याच चार नियमांनी होते. मग मेडिकल. कुणाला गोळी लागली तर टर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) कोण बांधणार, ९११ ला फोन कोण करणार आणि रेंजचा पत्ता काय सांगणार, गेटवर अ‍ॅम्ब्युलन्सला घ्यायला कोण जाणार, गाडीने न्यायची वेळ आली तर कुणाची गाडी. नावं ठरवून दिली. ज्या क्लासमध्ये हे होत नाही तिथून मी तरी पैसे सोडून परत येईन.

मग कार्बाइन. पहिले काही तास नुसतं बंदूक वर आणणं, सेफ्टी काढणं, एक गोळी, सेफ्टी लावणं, खाली घेणं. बंदूक टार्गेटवरून खाली आली की सेफ्टी लागलीच पाहिजे, प्रत्येक वेळी. एआरला ती अंगठ्याने फिरते, माझ्या रुगरला ट्रिगरजवळ आडवं बटण आहे ते बोटाने दाबायचं, म्हणून इन्स्ट्रक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाले तुझी हालचाल वेगळी आहे, तू तुझी हालचाल कर पण वेळ माझीच पाळ. घरी रिकाम्या बंदुकीवर सराव केला होता, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, त्यामुळे अडलं नाही. कुणाला पुढे एआरच घ्यायची असेल तर त्याने एआरच्याच ढंगाची ९ एमएम घ्यावी हे मात्र खरं, सेफ्टी, पकड, सगळं जिथल्या तिथे, एकदा शिकलेलं परत शिकावं लागत नाही.

माझ्या डाव्या हाताला एक तरुण मुलगा होता, एआर, पुढे नळीच्या तोंडावर मझल ब्रेक, म्हणजे हवा बाजूला काढणारा तुकडा. ब्रेकने त्याचा धक्का कमी होतो पण सगळी हवा आडवी माझ्या गालावर. मुलगा चांगला होता, मन लावून करत होता. दुपारपर्यंत त्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जायला लागल्या आणि इन्स्ट्रक्टरनी सगळ्यांच्या मॅगझिनमध्ये मध्येच डमी काडतुसं मिसळली, कुठलं कधी येणार आपल्याला माहीत नाही. डमी आली की आवाज होत नाही आणि नळीने जी बुचकळी मारली ती सगळ्यांना दिसते. धक्का येणार म्हणून शरीर आधीच दाबतं. त्याची नळी दरवेळी बुडत होती. माझी हलत होती पण बुडत नव्हती, आणि मी त्याच्यापेक्षा काही हुशार नाही, मला दिवसभर त्या थापा कमी बसल्या होत्या एवढंच. मला इन्स्ट्रक्टर जे सांगत होते ते ऐकू येत होतं आणि करून बघायला डोकं शाबूत होतं. खांदे पुढे, वजन पायाच्या बोटांकडे, डावा हात जमेल तितका पुढे, गाल दरवेळी त्याच जागी. हे सगळं कुठल्याही कार्बाइनला लागू आहे, गोळी कुठली का असेना.

जलद फायरमध्ये सात यार्डाला सहा गोळ्या लागोपाठ, ज्याला बिल ड्रिल म्हणतात, तिथे कळलं की जड बोल्ट डॉटला कसा हलवतो, वर जातो आणि परत येतो ते डोळ्याने दिसायला लागलं. पिस्तुलावर मला ते इतक्या वर्षांत नीट दिसलं नव्हतं. खांदा, गाल आणि दोन हात असे चार ठिकाणी बंदुकीला टेकलेले असतात म्हणून. आणि नंतर परत पिस्तूल हातात घेतलं तेव्हा डोळा तसाच डॉटवर राहिला, हा मला न मागता मिळालेला फायदा.

मॅगझिन बदलायच्या सरावात एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात घ्यावी. बोल्ट बंद असताना पूर्ण भरलेलं मॅगझिन घालायला जोर लागतो, नीट बसलं असं वाटतं आणि पहिल्या गोळीनंतर खाली पडतं. म्हणून आत ढकलायचं आणि लगेच खाली ओढून बघायचं. पिस्तुलाची मॅगझिन गुळगुळीत आणि बारीक असतात, घामाच्या हाताने निसटतात, आणि टेक्ससच्या उन्हात घाम तर वाहतच असतो. पण कमरेच्या पट्ट्यावर सगळी मॅगझिन एकाच प्रकारची असणं हे एवढं सोयीचं पडलं! कार्बाइन रिकामी झाली की ती स्लिंगवर सोडून पिस्तूल काढायचं, हा सराव झाला तेव्हा बाकीच्यांना एका बाजूला रायफलची, दुसऱ्या बाजूला पिस्तुलाची अशी मांडणी करावी लागली. स्लिंग नसता तर हा सराव करताच आला नसता, आता कळलं अट का होती.

अडकलेली बंदूक मोकळी करायचा सराव तर मला सगळ्यात मोलाचा वाटला. खाली ठोक, बोल्ट ओढ, परत नेम. त्यानेही नाही सुटलं तर बोल्ट मागे अडकव, मॅगझिन उपसून काढ, दोन-तीनदा बोल्ट मार, मग नवीन मॅगझिन. ९ एमएमवाल्या आणखी एकाकडे कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचं स्वस्तातलं लांब मॅगझिन होतं, ते दर थोड्या वेळाने गोळी वाकडी चढवायचं. कार्बाइन कितीही चांगली असो, मॅगझिन मूळ कंपनीचंच घ्यावं. आणि एखादी गोळी फुस्स वाजली, बोल्ट नीट गेलाच नाही, तर थांबायचं, हात वर करायचा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुटते. ठोकून-ओढून मोकळी करायची सवय अंगात भिनल्यावर नेमकं इथेच थांबता आलं पाहिजे, म्हणून इन्स्ट्रक्टरनी हे तीन वेळा सांगितलं.

आडोशामागून फायर करताना डॉटमधून टार्गेट स्वच्छ दिसतं पण नळी खाली असते आणि ती लाकडाच्या मागेच असते. माझ्या डॉटची नळीपासूनची उंची कमी म्हणून धोका कमी, पण आहेच. इन्स्ट्रक्टर प्रत्येकाच्या मागे उभं राहून नळी बाहेर आली का ते बघत होते. स्टीलच्या टार्गेटला रायफलवाल्यांना १०० यार्डावर जावं लागलं, कारण रायफलची गोळी जवळून प्लेट खराब करते आणि तुकडे उडतात, आम्हा ९ एमएमवाल्यांना पुष्कळ जवळून मारू दिलं. त्यामुळे चालत-चालत स्टील मारायचा आनंद आम्हालाच मिळाला, गोळी लागली की टंग् असा आवाज येतो, कागद बघायला जावं लागत नाही.

आता जे यातून शिकता येत नाही तेही लिहिलं पाहिजे. एआरचा दणका आणि झोत अंगवळणी पडायचा असेल तर एआरच मारावी लागते, त्याला पर्याय नाही. १०० यार्डाच्या पुढे ९ एमएमची गोळी फार वेगाने खाली पडते, लांबच्या क्लासला ती नेऊ नये. आणि एक समज डोक्यातून काढा, की ९ एमएम घरात जास्त सुरक्षित कारण ती भिंतीत थांबते. इथल्या घरांच्या भिंती जिप्समच्या, ९ एमएम एका नाही, अनेक भिंतींतून आरपार जाते. उलट ५.५६ ची हलकी गोळी बऱ्याचदा आपटून डगमगते, फुटते. पलीकडच्या खोलीत मूल झोपलेलं असतं, टार्गेटच्या मागे काय आहे हा नियम घरात तर जास्तच लागू.

खर्चाचं बोलायचं तर क्लासला दिवसाला ४००-५०० गोळ्या लागतात. मला ९ एमएम साधारण पंचवीस सेंटला एक पडली, ५.५६ जवळपास दुप्पट. वाचलेल्या पैशात मी नंतर रेंजवर सराव केला, शिकलेलं टिकतं ते सरावानेच. शिवाय आमच्याकडच्या कितीतरी इनडोअर रेंज रायफलची काडतुसं चालू देत नाहीत पण ९ एमएम कार्बाइन चालते, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर एसीमध्ये जाऊन पन्नास गोळ्या मारून येता येतं. गोळीला लोहचुंबक लावून बघतात तिथे, चिकटली तर नाही चालत, तेवढं पितळी काडतूस आणि तांब्याचंच वेष्टण घ्या. स्पर्धांचंही तसंच, यूएसपीएसए या इथल्या नेमबाजी स्पर्धांच्या संघटनेने २०१६ मध्ये पिस्तूल-काडतुसाच्या कार्बाइनचा वेगळा गट सुरू केला, आणि तिथे वयस्कर माणसं, बायका, डोळ्यांची तक्रार असलेले असे पुष्कळ जण दिसतात, कारण डॉट आणि खांद्याचा आधार दोन्ही मिळतं.

दोन गोष्टी बायकांसाठी खास. गळ्याचा शर्ट बंद घाला आणि टोपी घाला, शेजारच्याचं गरम रिकामं काडतूस गळ्यातून आत गेलं की माणूस नाचतो आणि हातात भरलेली बंदूक असते. आणि घरी आल्यावर मुलांना जवळ घ्यायच्या आधी हात आणि तोंड गार पाण्याने धुवा, शिसं काढायचा खास साबण मिळतो तो वापरा, कपडे वेगळे टाका. शिसं दिसत नाही पण हातावर, केसांवर येतं, आणि लहान मुलांना ते फार वाईट. बंदूक तिजोरीत. टेक्ससच्या कायद्याने निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्याचा तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं.

पुढचा क्लास मी ५.५६ वर लावलाय, तोच इन्स्ट्रक्टर, शरद ऋतूत, ऊन कमी झाल्यावर. तुम्हाला बघायची असेल तर आधी रेंजवर ९ एमएम कार्बाइन भाड्याने घेऊन एक बॉक्स मारून बघा, बटची लांबी जमतेय का तेवढं नीट बघा, आणि इन्स्ट्रक्टरना ईमेल करताना तीन गोष्टी विचारा, ९ एमएम चालेल का, स्टील किती अंतरावरून मारू देणार, आणि पिस्तूलपण आणायचं का. व्हिसावर असाल तर त्याच्याही आधी वकील.